तीन आठवड्यांची बॅग

सिंगापूर,
९ फेब्रुवारी २०२५, रविवार

ताई,

नमस्कार. रवींद्ररावांनाही नमस्कार सांग, पण बाकीचं पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तू पेपरपासून औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीपर्यंत सगळं मोठ्याने वाचतेस, असं तुझी ऋता सांगत होती. तुझा फोन तर कायम स्पीकरवर. म्हणून शेवटी कागद काढला. कित्येक वर्षांत हाताने इतकं लिहिलेलं नाही. अक्षर लागलं नाही तर भिंग घे, पण दुसऱ्या कुणाला विचारायला जाऊ नकोस.

इथे आम्ही ठीक. अनघाचा गुडघा जिने सोडून बाकी सगळीकडे चालतो. माझं ऑफिस आहे तिथेच, चांगी बिझनेस पार्कमध्ये. खुर्चीही आहे तीच. फक्त भोवतालची माणसं दर सहा महिन्यांनी बदलतात आणि दर खेपेला आणखी तरुण येतात. सकाळी एमआरटीच्या गाडीत उभ्याउभ्या माझे डोळे मिटतात. परवा एका शाळकरी मुलीने उठून जागा दिली. सत्तावन्न हे काही थकायचं वय नव्हे, असं तू म्हणशील. मीही म्हणतो, आणि बसून घेतो.

आता बातमी. एप्रिलमध्ये आम्ही दोघं अमेरिकेला निघालोय. लोक जातात तसं न्यूयॉर्क-नायगारा बघायला नव्हे. अलाबामा. खाली दक्षिणेकडचं राज्य आहे. ऑफिसातल्या दीपेशला रजेचा अर्ज दाखवला तर म्हणाला, "सर, अलाबामा? फिरायला? तिथे आहे काय?" मी म्हटलं, "रॉकेट." हंट्सव्हिलला रॉकेटचं मोठं म्युझियम आहे, हे खरंच आहे.

माझा धंदा तुला ठाऊक आहे. बँकेची जुनी सिस्टिम बंद करायची, नवी चालू करायची. त्या कामाचा आम्ही तासातासाचा तक्ता करतो, आणि काही बिघडलं तर कुठून मागे फिरायचं तेही आधीच लिहून ठेवतो. सवयच लागली आहे. तसाच तक्ता मी अलाबामाचा केला. अटलांटाला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची, हंट्सव्हिलला संजीवकडे दोन दिवस. संजीव म्हणजे माझा कॉलेजातला, ज्याला तू पोहे करून घालायचीस आणि जो तिसऱ्यांदा मागायचा तो. मग बर्मिंगहॅमला पोलादाचा जुना कारखाना. मग माँटगोमेरी. मग सरळ खाली समुद्रापर्यंत, मोबील. लिहितात आपल्या मोबाईलसारखंच, म्हणतात मोबील. वरून खालपर्यंत जवळजवळ एकच हमरस्ता आहे, पासष्ट नंबरचा. वाट चुकायची सोयच नाही.

आणि मोबीलला रुचिर आहे. बंदरावर क्रेनच्या देखभालीचं काम करतो. हे तू मला सांगितलंस, त्याने नाही.

तुझ्याकडे काम आहे ते हेच. रविवारी सकाळी रवींद्रराव तळजाईच्या टेकडीवर फिरायला गेले की तू रुचिरला फोन लावतेस, हे मला माहीत आहे. लाव, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. उलट बरंच वाटतं. तर पुढच्या रविवारी त्याला सहज विचार, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तो गावातच आहे का. आम्ही येतोय असं सांगू नकोस. आम्ही आपले फिरत फिरत तिकडे उतरलो, जवळच होतो म्हणून फोन केला, असं व्हायला हवं. ताकाला जाऊन भांडं लपवतोयस, असं म्हणशील. लपवतोय.

आठ वर्षं झाली मी त्याला पाहिलेलं नाही. तो इथे येऊ शकत नाही. इथे आम्ही पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी, झालो तेव्हा तो लहान होता, आणि आमच्यामुळे पीआर झालेल्या मुलाला अठराव्या वर्षी दोन वर्षं लष्करात जावं लागतं, हा इथला नियम. तो गेला नाही, अमेरिकेतच राहिला. आता चांगी विमानतळावर उतरला तर तिथूनच कोर्टात नेतील. अनघा त्याच्या पदवीदानाला एकटी जाऊन आली. तेव्हा मला कामातून निघता आलं नाही. निदान सगळ्यांना मी तसं सांगितलं.

रवींद्ररावांपुढे हा विषय काढू नकोस, एवढंच. ऋताच्या लग्नात ते माझ्या शेजारी जेवायला बसले होते. पहिला भात संपल्यावर म्हणाले, "प्रबोध, मी अठ्ठावीस वर्षं वर्दी घातली. तुझ्या पोराला तळजाईवर पळायला नेत होतो, ते असं पळून जायला नव्हे." मी मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली. मुलांच्या मनात असतं एकेक.

अनघाने अजून काहीच करायला घेतलेलं नाही. मागच्या खेपेला ती निघायच्या आधी पंधरा दिवस घरात भाजणीचा वास होता. या वेळी मी म्हटलं, "चकल्या करणार असशील ना?" म्हणाली, "बघू." तिची बहुतेक उत्तरं हल्ली तेवढीच असतात.

गोळ्या वेळेवर घे. उत्तर व्हॉट्सअॅपवर पाठवलंस तरी चालेल, मी कानाला लावून ऐकेन.

तुझा,
प्रबोध


सिंगापूर,
२ मार्च २०२५

ताई,

तुझा निरोप तीनदा ऐकला. पहिल्यांदा एमआरटीत, तिथे नीट ऐकू येईना. दुसऱ्यांदा ऑफिसच्या जिन्यात. तिसऱ्यांदा घरी, आणि तेव्हा अनघा स्वयंपाकघरात होती. नळ चालू होता, पण तिने तो मध्येच बंद केला असं मला वाटतं.

सहज विचार म्हटलं तर तू सहजच विचारलं असणार, तुझ्यावर राग नाही. तुझ्या भाच्याला डोकं आहे. एका मिनिटात त्याने ओळखलं आणि तू कबूल झालीस. तुला खोटं बोलता येत नाही, हे मी पन्नास वर्षांपूर्वीच पाहिलंय. माझ्या हातून फुटलेल्या बरणीबद्दल आईने तुला विचारलं होतं तेव्हा.

त्याचा निरोप तू जसाच्या तसा सांगितलास. "बाबांना येऊ दे की. फक्त त्यांना म्हणावं, त्या वेळी माझी बॅग कोणी भरली, ते आधी रवींद्रकाकांना सांगा. मग या." आणि वर तू विचारतेस, कसली बॅग रे?

बॅगेचं एवढं मनावर घेऊ नकोस. तो हंट्सव्हिलच्या उन्हाळी कोर्सला निघाला तेव्हाची गोष्ट आहे. संजीवच्या ओळखीने तिथल्या कॉलेजात तीन आठवड्यांचा कोर्स होता, त्यासाठी तो गेला आणि तिथेच राहिला. बॅग मी भरली होती. बापाने पोराची बॅग भरली, तर त्यात काय एवढं? सतरा वर्षांचा मुलगा स्वतः भरतो ती बॅग कशी असते, तुला माहीत नाही. वर चार टी-शर्ट कोंबायचे आणि चेन लागत नाही म्हणून त्यावर बसायचं.

असो. मी तक्ता बदलला. मोबील काढून टाकलं. मागे फिरायची जागा म्हणून मी माँटगोमेरी धरलीच होती, तिथूनच परत फिरू. माँटगोमेरी चांगलं गाव आहे म्हणतात. नदी आहे, नदीवर बोट आहे. संजीव म्हणाला, शिवाय त्या दिवसांत तिकडे वादळं होतात, उगीच इतकं खाली कशाला जायचं. सुंठेवाचून खोकला गेला म्हणायचं.

खरं सांगू का, मी फार दमलोय. प्रवासाने नाही, अजून पाऊल कुठे उचललंय. रोज संध्याकाळी घरी येतो, लॅपटॉप उघडतो आणि त्या पासष्ट नंबरच्या रस्त्यावरचं एकेक गाव बघत बसतो. कुठे पेट्रोल मिळतं, कुठे शाकाहारी काही मिळेल. एका गावात पाण्याची टाकी पीचच्या फळासारखी रंगवली आहे. ती बघायला मी अर्धा तास ठेवलाय. पाण्याची टाकी बघायला. मोबीलच्या वाटेवर जितकं मध्ये घालता येईल तितकं मी घालत होतो, हे माझ्या आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

तू म्हणालीस, "त्याच्या आवाजात राग नव्हता रे, नुसता कंटाळा होता." राग असता तर बरं झालं असतं.

तू आणखी एक विचारलंस. म्हणालीस, मला एवढंच सांग, इतकी लष्कराची धास्ती होती तर सुट्टीत पुण्याला आला की पहाटे पाचला उठून यांच्यामागे तळजाईवर कसा जायचा? काय सांगू. इथेही जायचा. बारावीच्या वर्षी रोज संध्याकाळी बेडोकच्या जलाशयाभोवती पळायचा, आमच्याच ब्लॉकमधला हाफिझ आणि तो चिनी मुलगा वेई जे, तिघं मिळून. भरतीत पळण्याची परीक्षा असते, तिच्यासाठी. वेळ लिहायचे वहीत. घामाने निथळत घरी यायचा आणि दारातूनच सांगायचा, "बाबा, टेन मिनिट्स फिफ्टी!" मग काकांना फोन. मला सांगितलेलं एका वाक्यात संपायचं. काकांशी मात्र अर्धा तास, बूट न काढता, दारातच बसून.

ज्याला नको असतं तो असा पळतो का, असं तू आता विचारशील. विचारू नकोस.

मी त्या वेळी केलं ते त्याच्या भल्यासाठी केलं. दोन वर्षं, ताई. त्याच्या बरोबरीची मुलं तिकडे इंजिनिअर होत असताना हा चिखलात रांगणार होता. त्या दोन वर्षांत कॉलेज अर्ध्यावर आलं असतं. हे मी इतक्यांदा घोकलंय की आता मला त्याचे नुसते शब्द ऐकू येतात.

नवा तक्ता छापून फ्रिजवर लावला होता. आज सकाळी दूध काढायला गेलो, तर माँटगोमेरीच्या खाली अनघाने पेन्सिलीने लिहिलं होतं, "मोबील." पोहे चांगले झाले होते.

हे पत्रही तुझ्यापाशीच ठेव.

प्रबोध


सिंगापूर,
२३ मार्च २०२५

ताई,

रवींद्ररावांना समोर बसव आणि हे पत्र मोठ्याने वाच. सकाळचा चहा झाला की. मध्ये थांबू नकोस आणि कुठलं वाक्य गाळू नकोस. तुला रडू आलं तर पाणी पी आणि पुढे वाच.

रवींद्रराव, नमस्कार.

या गुरुवारी ऑफिसातून येताना बेडोकच्या हॉकर सेंटरवर, खाण्याच्या टपऱ्या असतात तिथे, उतरलो. अनघासाठी भाजीचा स्टू आणि अप्पम घ्यायचे होते. शेजारच्या टेबलावर लष्कराच्या हिरव्या कपड्यांत एक जण भात खात होता. इथे दोन वर्षं झाल्यावरही पुढे कित्येक वर्षं दरवर्षी थोडे दिवस मुलांना परत बोलावतात, तसा तो आलेला. माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "अंकल, रुचिर्स फादर, राइट? हाफिझ. सेम ब्लॉक."

लहानपणी आमच्याकडे येऊन अनघाच्या हातच्या पुरणपोळ्या खाणारा हाफिझ. आता त्याला मिशी आहे, लग्न झालंय. मी बसलो. त्याने मला चहा आणून दिला. मग म्हणाला, "ही ओके ऑर नॉट?" मी म्हटलं, ओके. त्याने भात चिवडला. मग म्हणाला, "आर्मी फर्स्ट डे वी ऑल वेट फॉर हिम, यू नो. मी, वेई जे. ही नेव्हर कम. स्केअर्ड, नेव्हर माइंड लाह, अंकल. बट मस्ट टेल अस, राइट?"

आठ वर्षं अशा वेळी मी काय उत्तर देतो, ते माझं पाठ आहे. हल्लीच्या मुलांचं काय सांगावं, म्हणतो आणि मान हलवतो. तुमच्यापुढेही तेच केलं. गुरुवारी ते तोंडातून निघेना. काही ठरवून नाही. त्याने चहात माझ्यासाठी साखर कमी घालायला सांगितली होती, अनघा घरी तशी देते हे त्याच्या लक्षात होतं. आणि मी म्हणालो, "ही वॉज नॉट स्केअर्ड. आय सेंट हिम अवे. ही वॉन्टेड टु कम बॅक. आय डिडन्ट लेट हिम."

त्याने चमचा खाली ठेवला. मग म्हणाला, "एट इयर्स वी स्कोल्ड हिम, अंकल." उठला, थाळी उचलून नेऊन ठेवली, आणि निरोप न घेता गेला. इतका सभ्य मुलगा.

एका परक्याच्या मुलाला जे सांगितलं, ते आता तुम्हाला सांगतो.

रुचिरला लष्करात जायचं होतं. तुमच्यामुळे जायचं होतं. चौदाव्या वर्षी पुण्याहून परत आला तेव्हापासून त्याच्या बोलण्यात दर चार वाक्यांमागे काका असायचे. काका म्हणतात, अंथरुणाची घडी आपली आपण घालायची. काका म्हणतात, दमलो हे शेवटी म्हणायचं. मी घरी आलो की तो मला सांगायचा, बाबा, तुम्ही वाकून बसता. त्याची वैद्यकीय तपासणी झाली. ऑक्टोबरातली तारीख आली. त्याने ते पत्र टेबलाच्या काचेखाली लावलं.

मी सगळ्यांना सांगत आलो की दोन वर्षं वाया जातील म्हणून काळजी होती. होतीच. पण तेवढंच नव्हतं. मला तुमचा हेवा वाटायचा. त्याला जन्म मी दिला, शाळेत मी घातलं, आणि तो व्हायला निघाला होता तुमच्यासारखा. हे मी अनघालाही कधी बोललो नव्हतो. काल बोललो. म्हणाली, "मला माहीत आहे."

बारावी झाल्यावर मी त्याला सांगितलं, भरतीच्या आधी तीन आठवडे जरा जग बघून ये, संजीवकाकाकडे कोर्स आहे. व्हिसा काढला तो मात्र पुऱ्या पदवीचा, विद्यार्थ्याचा. त्याने विचारलं, तेव्हा म्हटलं की कॉलेजचा कोर्स म्हणून तसाच मिळतो. त्याने विश्वास ठेवला. माझ्या बोलण्यावर विश्वास न ठेवायचं त्याला तोपर्यंत काही कारण नव्हतं.

आणि बॅग मी भरली. वर तीन आठवड्यांचे कपडे. खाली, चादरीच्या घडीत, त्याचा जन्मदाखला, दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, लसींचं पुस्तक. आणि लोकरीचा कोट. जूनच्या अलाबामात माणूस नुसता उभा राहिला तरी घामाने भिजतो. कोट बसेना. त्याने स्वतः आणून पळायचे बूट ठेवले होते, तिकडेही सराव चुकू नये म्हणून. ते मी काढले आणि त्या जागेवर कोट ठेवला.

पाचव्या दिवशी त्याचा फोन आला. "बाबा, माझे शूज नाहीयेत. आणि माझं बर्थ सर्टिफिकेट इथे का आहे?" मी म्हटलं, राहू दे, लागेल.

कोर्स संपला. मी म्हटलं, आणखी एक सत्र कर, इथे मी तुझ्यासाठी मुदत मागितली आहे. मागितली नव्हती. तो दर आठवड्याला विचारायचा, उत्तर आलं का? मी म्हणायचो, यायचंय. परतीचं तिकीट मी रद्द केलं होतं, तेही त्याला माहीत नव्हतं. सप्टेंबरच्या शेवटी तो फोनवर रडला. म्हणाला, आय विल मिस इट, बाबा. मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी बघतो. ऑक्टोबरची तारीख गेली, आणि मग मी त्याला सांगितलं की आता आलास तर पकडतील. हे एवढं एक वाक्य खरं होतं.

अनघाला कागदांचा खण रिकामा दिसला, तेव्हा कळलं. तिने मला फक्त विचारलं, "त्याला माहीत आहे?" त्यानंतर ती माझ्याशी बोलते ती जेवायला ये, छत्री घे, एवढंच. तिने कुणाला सांगितलं नाही. मला वाटायचं, मला सांभाळून घेते. ती वाट बघत होती, हे मला फ्रिजवरच्या पेन्सिलीने कळलं. मी तिला म्हटलं, त्याची अट आपल्याला झेपणारी नाही, माँटगोमेरीहूनच परत फिरू. तर म्हणाली, "तू थांब माँटगोमेरीला. मी बसने पुढे जाते." तो गुडघा घेऊन.

मग नातेवाइकांचे फोन सुरू झाले, रुचिरचं काय. तेव्हा मी म्हणालो, त्याला लष्कर नको होतं. पहिल्यांदा तुम्हालाच म्हणालो, रवींद्रराव. तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, "बरं." त्याला हे कळलं तेव्हा त्याने एकदाच विचारलं, "काकांना पण?" मी हो म्हटलं. त्यानंतर त्याने मला फोन केलेला नाही. ऋताच्या लग्नाला तो का आला नाही, तर व्हिसाच्या शिक्क्याची भानगड होती असं आम्ही सांगितलं. भानगड कसली. भारतात यायला त्याला कुणाची आडकाठी नव्हती. त्याला तुमच्यासमोर उभं राहायचं नव्हतं, आणि बापाला खोटं पाडायचंही नव्हतं. आठ वर्षं त्याने मला सांभाळलं, आणि तुम्ही त्याला पळपुटा म्हणत राहिलात, आणि मी मठ्ठा पीत राहिलो.

मला माफ करा असं लिहिणार होतो. ते मी आधी त्याला म्हणायला हवं. तुम्हाला म्हणायचं ते एवढंच की तुमचा मुलगा तुमच्यापासून तोडला तो मी. माझा लिहीत होतो, तुमचा लिहिला गेला. राहू द्या तसंच.

या पत्राची एक प्रत मोबीलला पाठवतो आहे. इंग्रजीत लिहिणार होतो, पण इंग्रजीत मला नीट खोटं बोलता येतं. त्याला वाचायला वेळ लागेल. बाराखडी तूच शिकवलीस ना ताई त्याला, सहकारनगरच्या गच्चीत, पाटीवर? अडेल, पण वाचेल.

तो दार उघडेल की नाही, मला माहीत नाही. त्याची अट काकांना सांगण्याची होती. सांगितलं म्हणजे जेवायला बसवेलच असं काही त्याने कबूल केलेलं नाही. तक्त्यातली पाण्याची टाकी काढली. पोलादाचा कारखाना काढला. मागे फिरायच्या जागेचा रकानाच पुसला. संजीवकडे एक दिवस थांबून सरळ खाली जायचं. त्यालाही मला काही विचारायचंय, तोही त्या वेळी गप्प बसला होता. एकोणीस एप्रिलला निघतो.

काल अनघाने भाजणी दळायला घेतली. बॅग या वेळी ती भरते आहे, मी हात लावत नाही. सगळ्यात खाली तिने त्याचे ते बूट ठेवलेत. आठ वर्षं तिने ते बाल्कनीतल्या कपाटात कागदात गुंडाळून ठेवले होते. तळ कडक झालेत आणि आता ते त्याला होणारही नाहीत. कोट भरला तेव्हा बूट काढायला मला कुणी सांगितलं नव्हतं, आता ते ठेवू नकोस म्हणायला मी कोण.

एक मागणं आहे, रवींद्रराव, आणि ते मागायचा मला काही अधिकार उरलेला नाही. येत्या रविवारी तुम्ही तळजाईला जाऊ नका. सकाळी साडेसातला ताई फोन लावते. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र असते आणि तो जागा असतो, दर आठवड्याला. त्या वेळी घरात थांबा. फोन स्पीकरवरच असतो. काय बोलायचं ते मी सांगणार नाही. किती मिनिटांत पळतोस, एवढं विचारलंत तरी पुरे.

रुचिरची बॅग भरणारा,
प्रबोध